वाचकांचे प्रश्न : घरी बांधायचा गळाचा रॉड

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. समुद्र खवळलेला, खाड्या गढूळ. गरवायला (गळाने मासे धरायला) जाणाऱ्यांचेही हात मोकळे असतात, म्हणून या दिवसांत रॉड बांधायची कामं निघतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न त्याच कामाचे आहेत. ज्यांचं उत्तर अनेकांना उपयोगी पडेल ते सविस्तर घेतले आहेत.

प्रश्न (अलिबाग) : खाडीत जिताड्यासाठी पहिलाच रॉड बांधायचा आहे. ब्लँक (रॉडची नुसती दांडी) घेताना कोणी ३० टन सांगतं, कोणी ४० टन. जास्त टन म्हणजे जास्त मजबूत का?

नाही. टनाचा आकडा कार्बनच्या धाग्याचा ताठपणा सांगतो. ब्लँक किती ओझं उचलेल, हे त्यातून कळत नाही. धागा जितका ताठ, तितका कमी माल वापरून तेवढीच कडक दांडी बनते. ती हलकी होते, हाताला तरतरीत लागते, पण तिची भिंत पातळ असते. होडीच्या काठावर एकदा आपटली किंवा शिशाचं वजन फेकताना दांडीवर बसलं, की तिथे डोळ्यांना न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या मोठ्या माशाला रॉड तिथेच मोडतो. कांदळवनात, जेट्टीवर, खडकांत वापरायच्या पहिल्या रॉडसाठी २४ ते ३० टनांचा ब्लँक किंवा कार्बनमध्ये थोडी काच असलेला ब्लँक घ्यावा. वजनात फारतर २०-३० ग्रॅमचा फरक पडेल, आणि तो सोसण्यासारखा आहे.

जिताड्यासाठी होडीतून किंवा जेट्टीवरून ७ फूट पुरे. मोकळ्या काठावरून टाकायचं असेल तर साडेसात ते ८ फूट. ब्लँकवर दोन आकडे छापलेले असतात : दोरीची ताकद पौंडात आणि आमिषाचं वजन ग्रॅममध्ये. दुसरा आकडा आधी बघा, कारण रॉड दिवसभर तेच वजन फेकणार आहे. आपल्या खाड्यांमधल्या लुअरसाठी (बनावट आमिषासाठी) १५ ते ४० ग्रॅम आणि १५ ते ३० पौंड हा पल्ला बरोबर बसतो. वाक टोकाकडच्या तिसऱ्या भागात येणारा, म्हणजे ‘फास्ट’, असावा. त्याहून कडक टोक नको. जिताडा पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो. टोकाने तेवढ्या वेळात दोरी ताणून धरली नाही तर गळ सुटतो, आणि टोकाने अजिबात मान दिली नाही तर गळ ओठ फाडून बाहेर येतो.

ब्लँक हातात आला की सपाट टेबलावर लोळवून पाहा. किंचित बाक बहुतेक ब्लँकना असतो आणि तो गाईडच्या (दोरी ओवायच्या कड्यांच्या) रेषेत वळवून घेता येतो, पण दोन ठिकाणी दोन दिशांना बाक असेल तर परत करा. बुडाचा आणि टोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. रीलसीट (रील बसवायची जागा), मूठ आणि टोकाची कडी यांची मापं त्यावरच ठरतात. टोकाच्या कडीच्या नळीचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात. ५.५ नंबर म्हणजे साधारण २.२ मिमी. दांडीपेक्षा नळी एखाद्या दशांश मिमीने सैल असावी, गोंदाला जागा लागते.

पावसाळ्यात हेही लक्षात असू द्या की कार्बनमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा जात असतील किंवा ढग गडगडत असतील तर रॉड खाली ठेवा आणि काठावरून निघा.

प्रश्न (पणजी) : ब्लँकचा कणा नीट शोधून त्यावर गाईड बांधले. रील बेटकास्टिंगचं (दांडीच्या वर बसणारं) आहे. तरी मोठी चोणक (जिताडा) लागली की रॉड हातात पिळतो. कणा चुकला असेल का?

कणा चुकला असला तरी पिळण्याचं कारण तो नाही. हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे, म्हणून जरा सविस्तर.

ब्लँक बनवताना कार्बनची चादर सळईवर गुंडाळतात. चादरीच्या कडा जिथे एकमेकींवर येतात तिथे भिंत थोडी जाड होते. बुड गुळगुळीत फरशीवर टेकवून, टोक हाताने तिरपं धरून, मधे तळहाताने दाबत ब्लँक लोळवला की तो एका जागी उडी मारून स्थिर होतो. त्यालाच कणा म्हणतात. पण दोन्ही टोकांना सैल आणि मोकळा असलेला ब्लँक आणि हातात घट्ट धरलेला, गाईड बांधलेला रॉड यांच्यावर वेगवेगळी बळं काम करतात.

बेटकास्टिंगमध्ये गाईड दांडीच्या वर असतात. दोरी दांडीच्या मध्यरेषेपासून गाईडच्या उंचीइतकी वर राहते. मासा खाली ओढतो तेव्हा त्या दोरीला दांडीच्या खाली यायचं असतं. गाईडची उंची तिथे तरफेसारखी काम करते आणि दांडी फिरवते. कणा कुठेही असो, वर बांधलेला गाईड ओझ्याखाली पिळणारच. गाईड जितके उंच, तितका पीळ जास्त. स्पिनिंग रॉडचे गाईड आधीपासून खालीच असतात, म्हणून तो कधी पिळत नाही.

उपाय दोन. हलक्या रॉडला गाईड बुटके घ्या, पीळ जाणवेनासा होतो. २० पौंडांच्या वरच्या रॉडला गाईड सर्पिल बांधा : रीलजवळचा पहिला गाईड वर, दुसरा ६० अंशांवर, तिसरा १२० अंशांवर, आणि चौथ्यापासून टोकापर्यंत सगळे १८० अंशांवर, म्हणजे दांडीच्या बरोबर खाली. टोकाची कडीसुद्धा खाली. दोरी तीन गाईडमध्ये वळसा घेते आणि पुढे सरळ जाते. फेकीच्या अंतरात जाणवेल असा फरक पडत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाईडपाशी दोरी दांडीला घासते का तेवढं वाकवून पाहा. घासत असेल तर गाईड एकदोन सेंटीमीटर मागेपुढे करा. दोरी स्पूलच्या (रीलमधल्या दोरीच्या फिरकीच्या) एकाच बाजूला साठत असेल तर पहिला गाईड दुसऱ्या बाजूला अगदी थोडा कलता बांधा.

मग गाईडची रेषा कशावरून ठरवायची? सरळपणावरून. ब्लँकचा जो किंचित बाक असेल तो गाईडच्या बाजूला किंवा बरोबर विरुद्ध बाजूला येईल असा फिरवा, म्हणजे रॉड डोळ्यासमोर धरल्यावर डावीउजवीकडे वाकडा दिसणार नाही.

प्रश्न (पुणे) : ७ फुटी स्पिनिंग रॉड, ३००० नंबरचं रील. गाईड किती, कोणत्या मापाचे आणि कुठे? बाजारातल्या रॉडची मापं उतरवून घेतली तर चालेल का?

उतरवून घेतलेली मापं त्या ब्लँकची आणि त्या रीलची असतात. तुमचा ब्लँक वेगळ्या जागी वाकेल.

संख्येचा जुना ठोकताळा अजून खरा आहे : जितके फूट तितके गाईड आणि वर एक, टोकाची कडी वेगळी. म्हणजे तुमच्यासाठी ८ अधिक कडी. रीलकडून पहिले तीन २५, १६ आणि १० नंबरचे, ते स्पूलवरून वेटोळी घेत येणारी दोरी हळूहळू आवळून आणतात. पुढचे पाच एकसारखे लहान. ६ नंबर हलका असतो, पण खाडीत ४०-५० पौंडांचा लीडर (दोरीच्या टोकाला जोडायचा जाड तुकडा) लावणार असाल तर ७ किंवा ८ घ्या. लीडरची गाठ फेकताना गाईडमधून अडखळत गेली की अंतर जातं, आणि एखाद्या दिवशी गाठच जाते.

आता जागा. लहान गाईडांची रांग जिथून सुरू होते तो पहिला लहान गाईड आधी ठरवा. स्पूलच्या पुढच्या कडेचा व्यास मोजा आणि त्याला २७ ने गुणा. व्यास ४७ मिमी असेल तर १२६९ मिमी. स्पूलच्या कडेपासून एवढ्या अंतरावर तो गाईड येतो. पडताळा असा : रीलचा दांडा (ज्यावर स्पूल बसतो तो) थोडा वर झुकलेला असतो, त्याची रेषा लांब पट्टीने पुढे वाढवली की ती ब्लँकला जवळपास तिथेच मिळते. २५ नंबरचा गाईड स्पूलपासून साधारण ५० ते ५५ सेंटीमीटरवर धरा आणि मधले दोन असे ठेवा की चारही कड्यांच्या मधून पाहिल्यावर एक सरळ उतरता शंकू दिसेल. टोकाची कडी ते तिच्या मागचा गाईड १० सेंटीमीटर, आणि तिथून रीलकडे येताना प्रत्येक अंतर एक ते दीड सेंटीमीटरने वाढवत आणा. वाढत्या अंतरांनी पाच गाईडांत पुरत नसेल तर एक गाईड वाढवा. अंतरं ताणून बसवू नका.

हे सगळं अजून कागदावरचं आहे. दोरा गुंडाळण्याआधी गाईड रबरी नळीच्या बारीक चकत्यांनी किंवा केसांच्या छोट्या रबरांनी ब्लँकवर अडकवा. दोरी सगळ्या गाईडांतून ओवून टोक खाली एखाद्या वजनाला बांधा आणि रॉड हळूहळू वाकवा, जास्तीत जास्त टोक मुठीला काटकोनात येईपर्यंत. बाजूने कोणाला तरी पाहायला सांगा किंवा मोबाईलवर फोटो काढा. दोरी ब्लँकच्या बाकाला समांतर धावली पाहिजे. दोन गाईडांमध्ये ती बाक सोडून सरळ कात्री मारत असेल तर तिथे गाईड जवळ आणा. टोकाकडच्या दोन गाईडांमधलं अंतर ताणलेलं राहिलं तर तिथल्या थोड्याशा ब्लँकवर सगळं ओझं येतं. तशाच अवस्थेत मैदानावर पाचपंचवीस फेकीही करून बघा. इथे घालवलेला एक तास वाया जात नाही. दोरा आणि त्यावरचं एपॉक्सी (घट्ट होणारा लेप) बसल्यावर हीच दुरुस्ती दोन दिवसांचं काम होते.

प्रश्न (रत्नागिरी) : गाईडच्या दोऱ्यावर लावलेलं एपॉक्सी चार दिवसांनीही चिकट आहे. काही ठिकाणी पांढुरकी झाक आणि खड्डे पडले आहेत. पावसामुळे असेल का?

तुमच्या रॉडवर तीन वेगवेगळे दोष दिसतात, आणि पाऊस त्यांतल्या एकाचं किंवा दोघांचं कारण असू शकतो.

आधी एका गाईडवर साबणाचं पाणी लावून ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. चिकटपणा गेला, तर तो वरचा मेणचट थर होता. दमट हवेत हार्डनरची (एपॉक्सीतल्या रेझिनला घट्ट करणाऱ्या दुसऱ्या भागाची) हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया होऊन तो साठतो. आतलं एपॉक्सी ठणठणीत असेल. धुऊन, बारीक घासणीने चमक घालवून दुसरा हात द्या.

पुसूनही बोटाचा ठसा उठत असेल तर प्रमाण चुकलं आहे किंवा मिश्रण नीट ढवळलं गेलं नाही. बहुतेक दोऱ्याचं एपॉक्सी आकारमानाने एकास एक असतं. ‘लवकर सुकावं म्हणून हार्डनर थोडं जास्त’ हा मोह टाळा. जास्तीच्या हार्डनरला जोडायला रेझिनच उरत नाही आणि ते कायमचं मऊ राहतं. थर चिकट पण जागेवर असेल तर बरोबर प्रमाणाचा नवा हात त्याच्यावर दिला की बहुतेक वेळा निभावतं. थर ओला, सरकणारा असेल तर सगळं खरवडून दोरा नव्याने बांधावा लागेल.

खड्ड्यांचं कारण बहुधा तुमच्या सिरिंजमध्ये आहे. औषधांच्या दुकानातल्या नेहमीच्या सिरिंजचा काळा रबरी दट्ट्या सरकावा म्हणून त्याला सिलिकॉन लावलेलं असतं. त्याचा कण एपॉक्सीत उतरला की एपॉक्सी त्या जागेपासून मागे सरकतं आणि गोल खड्डा पडतो. दट्ट्याला रबर नसलेली, अख्खी प्लास्टिकची सिरिंज मागून घ्या. रेझिन आणि हार्डनरच्या सिरिंजवर खुणा करा, अदलाबदल होऊ देऊ नका.

पावसाळ्यात काम करायचंच असेल तर असं करा. रॉड आदल्या रात्रीपासून एसी असलेल्या खोलीत किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब लावलेल्या लांबट खोक्यात ठेवा; दोऱ्यात मुरलेला ओलावा निघून जातो. खोलीचं तापमान २५ ते ३० अंश. आठ गाईडांच्या एका हाताला ३ मिली आणि ३ मिली पुरतं. कमी घेतलं तर मोजमापातली चूक मोठी ठरते. सपाट काडीने दोन ते तीन मिनिटं सावकाश ढवळा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. फेस येईल असं घोटू नका. लगेच ॲल्युमिनियमच्या फॉईलवर ओता : पसरलेलं मिश्रण तापत नाही आणि बुडबुडे वर येऊन फुटतात. पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरण्यापुरता. दुसरा २४ तासांनी. दोऱ्याच्या पुढे ब्लँकवर एक ते दीड मिमी जाऊ द्या, म्हणजे कड बंद होते. उरलेले बुडबुडे स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून झरकन फिरवली की जातात. मेणबत्ती किंवा लायटर काजळी सोडतो. रेझिन पातळ करायला थिनर घालू नका.

फिरवण्यासाठी मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी छोटी मोटर उत्तम. मिनिटाला पाच-सहा फेरे, थेट २२० व्होल्टवर चालते, विजेच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तिची जोडणी उघडी ठेवू नका. चार ते सहा तास फिरू द्या, चोवीस तास हात लावू नका आणि आठवडाभर मासा लावू नका. हातात नायट्राईलचे मोजे घाला. एपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की आयुष्यभर राहते, आणि हा छंद सोडावा लागणं फार वाईट.

प्रश्न (दुबई) : दोन वर्षांपूर्वी बांधलेल्या रॉडची रीलसीट हलायला लागली आहे. रॉड गाडीतच असतो.

तुमच्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत पाच मिनिटांत सुकणारं एपॉक्सी मऊ पडतं. ते मुळात पाण्यालाही फारसं टिकत नाही. रॉड गाडीत ठेवू नका, हे पहिलं. टोकाच्या कडीखाली गरम करून लावलेला गोंदही त्याच उन्हात सैलावतो, तीही एकदा ओढून पाहा.

दुसरी शंका सीटच्या आतल्या भरावाची. सीटचं भोक १७ मिमी आणि ब्लँक १२.६ मिमी असेल तर चहूबाजूंनी २.२ मिमी जागा भरावी लागते. बरेच जण तिथे मास्किंग टेपचे सलग वेढे देतात. तो कागद आहे. सीट कागदाला चिकटते, ब्लँकला नाही; पाणी शिरलं की कागद कुजतो. टेपऐवजी पीओपीच्या सांध्यांवर लावतात ती फायबरची जाळीदार पट्टी वापरा. एक वेढा, वर एपॉक्सी, पुन्हा वेढा, असं करत सीट जेमतेम सरकेल इतकी जाडी आणा. जाळीतून एपॉक्सी ब्लँकपर्यंत उतरतं आणि सगळा एकच दगड होतो. एपॉक्सी २४ तासांत सुकणारं, घट्ट प्रकारचं. सीटची आतली बाजू १२० नंबरच्या कागदाने खरबरीत करा. ब्लँकची मात्र फक्त चमक घालवा, धागे कापले जाता कामा नयेत. सीट गोल फिरवत सरकवा आणि सुकण्याआधी गाईडच्या रेषेशी जुळवा.

सध्याची सीट न कापता वाचवायची असेल तर रीलचा पाय बसतो त्या जागी दोन बारीक भोकं फक्त सीटमध्ये पाडा. ड्रिलच्या पात्याला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या. एका भोकातून पातळ एपॉक्सी भरा, दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत. पोकळी स्वच्छ असेल तर टिकतं. कुजलेला कागद आत असेल तर टिकत नाही, मग सीट कापण्याला पर्याय नाही.

प्रश्न (नाशिक) : लाल दोरा बांधला होता, एपॉक्सी लावल्यावर तपकिरी आणि आरपार झाला.

साधा नायलॉन दोरा एपॉक्सी पिऊन पारदर्शक होतो. रंग टिकवणारा, ‘एनसीपी’ लिहिलेला दोरा घ्या. रंग धरून ठेवणारं द्रावण आधी लावता येतं, पण ते एपॉक्सीला दोऱ्यात शिरू देत नाही आणि बांधणी कच्ची राहते. समुद्राच्या रॉडवर ते वापरू नका. झालेला रंग परत येत नाही.

प्रश्न (कुडाळ) : घरच्या माणग्याच्या बांबूला गाईड आणि रील लावता येईल का?

येईल, आणि हा प्रश्न आला याचा आनंद आहे. माणगा जवळपास भरीव, बिनकाट्याचा, सिंधुदुर्गात घराघरांत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले नामांकित बांबू-रॉड ‘कलकत्ता केन’ म्हणून भारतातूनच गेलेल्या भरीव बांबूच्या चिरफळ्या जोडून बनत. चीनचा टोंकिन बांबू नंतर आला.

तीन वर्षं उलटलेला, सरळ, पेरं (गाठी) जवळ असलेला बांबू पाऊस संपल्यावर तोडा. कोवळ्या बांबूत साखर आणि पिष्ट जास्त, म्हणून भुसा पाडणारा किडा लागतो. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात आठवडाभर बुडवा, मग सावलीत उभा करून तीनचार महिने वाळवा. उन्हात टाकलात तर फुटेल. वाकडी पेरं मंद जाळावर शेकून सरळ करता येतात. बोरॅक्स पाण्याने धुऊन जातं, म्हणून शेवटी वॉर्निश किंवा पातळ एपॉक्सी हवंच, विशेषतः कापलेल्या दोन्ही टोकांना.

१० ते १२ फुटी काठीला पाचसहा दोन पायांचे गाईड पुरे. गाईड पेरावर बसवू नका. प्रत्येक दोन पेरांच्या मध्ये दोऱ्याचे सेंटीमीटरभर वेढे द्या, म्हणजे एखादी चीर गेली तरी पुढे पळत नाही. जेट्टीवरून शेंगाळा, तांबोशीसाठी ही काठी उत्तम चालते. दिवसभर लुअर फेकायला मात्र जड आहे, त्या कामाला ती जुंपू नका.

प्रश्न (मालवण) : स्टेनलेसचे गाईड असूनही एका हंगामात पायाजवळ गंज आला आणि एपॉक्सीखाली हिरवट-तपकिरी डाग पसरतो आहे.

दोरा गाईडच्या पायावर सहज चढावा म्हणून तुम्ही पायाचं टोक कानशीने घासून उतार केला असेल. ते बरोबरच केलंत, नाहीतर दोरा पायरीपाशी फटतो. पण घासल्यावर वरचा लेप जातो आणि कानशीचे लोखंडी कण स्टेनलेसमध्ये रुततात. गंज तिथून सुरू होतो. कानस नवी, फक्त याच कामाची ठेवा. शेवटी ६०० नंबरच्या कागदाने गुळगुळीत करा, पायाची खालची बाजूसुद्धा. तिथे धार राहिली तर ती ब्लँकमध्ये रुतते. मग स्पिरिटने पुसा आणि त्याच दिवशी बांधा.

पाणी आत कुठून शिरतं ते पाहा. गाईडच्या पायाच्या दोन्ही बाजूंना, दोरा पायावरून ब्लँकवर उतरतो तिथे, दोन बारीक बोगदे राहतात. वरून एपॉक्सी कितीही चकचकीत दिसलं तरी गाईडच्या बाजूला त्यांची तोंडं उघडी असतात. पहिल्या हाताच्या वेळी काडीच्या टोकाने थेंबभर एपॉक्सी प्रत्येक तोंडात सोडा आणि दुसऱ्या बाजूने दिसेपर्यंत थांबा.

नवे गाईड घेताना ३१६ दर्जाचं स्टेनलेस मागा, परवडत असेल तर टायटॅनियम. ८ गाईडांतले पहिले तीन साधे आणि टोकाकडचे टायटॅनियम असा मेळ घातला तरी चालतो. टोकाचं वजनही कमी होतं. कडी ॲल्युमिनियम ऑक्साइडची असली तरी ब्रेड (विणलेल्या) दोरीला पुरते. सिलिकॉन कार्बाइड जास्त कठीण आणि उष्णता लवकर वाहून नेणारी, पण रीलसीट आणि एपॉक्सीवर कात्री लावून ती घेऊ नका. कडीला चीर गेली आहे का, हे कापसाच्या काडीने आतून फिरवून पाहा. कापूस अडकला तर दोरीही तिथेच कापली जाणार.

डाग पसरलेल्या गाईडचा दोरा पायाच्या धातूवर ब्लेड ठेवून कापा, ब्लँकवर नाही. खालचं एपॉक्सी गरम हवेने मऊ करून नखाने सोला. आणि रोज परतल्यावर गोड्या पाण्याची बारीक धार. जोराची नको, ती मीठ दोऱ्याच्या कडांतून आत ढकलते.